चिंचोके

आमच्या गावात ‘शिकणे’ या शब्दाचा अर्थ ‘लिहिणे’ असा आहे. पोर शाळेतून आले की बाप विचारतो, ‘‘आज काय लिहिलंस?’’ पाटी नाहीतर वही भरलेली दिसली की त्याचे समाधान होते. ज्यांना स्वतःला लिहिता येत नाही त्यांना लिहिलेल्या कागदाचा केवढा आदर असतो, हे मी माझ्या घरातच पाहत आले आहे. माझे बाबा शाळेची पायरी चढले नाहीत. दुसऱ्यांच्या डाळिंबाच्या बागांत छाटणी करता करता त्यांचे केस पिकले. माझ्या गेल्या वर्षीच्या वह्या त्यांनी ट्रंकेत ठेवल्या आहेत आणि रद्दीवाल्याची हाक आली की ते सरळ ट्रंकेवर जाऊन बसतात. अशा माणसाला, पाच वर्षांच्या मुलाच्या हातात वही नाही, चिंचोके आहेत आणि तरीही ते मूल शिकते आहे, हे पटवून कसे द्यावे?

माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. मी चार वर्षांची असताना ती या कामाला लागली, म्हणजे पंधरा वर्षे झाली. आई सातवीपर्यंत शिकली आहे. खोली झाडणे, पाणी भरणे, मुलांना घरोघर जाऊन गोळा करून आणणे, शिजवणे, वाढणे, भांडी घासणे आणि मुले परत पोचवणे ही तिची कामे. या कामाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यात धन किती आणि मान किती हे ज्याचे त्याने ठरवावे. मुले तिला ‘मावशी’ म्हणतात. माझ्या भावाचा मुलगा शंभू अंगणवाडीत होता तेव्हा तोही तिथे तिला मावशीच म्हणायचा; उंबरा ओलांडून घरी आला की ‘आजी’ म्हणायचा. ही वाटणी त्याला कुणी शिकवली नव्हती.

यंदा मानसशास्त्राच्या विषयात आम्हाला लहान मुलांचे निरीक्षण करून टिपण लिहायला सांगितले होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा, अंगणवाडी पुन्हा सुरू झाल्यावर, मी आठ दिवस वही घेऊन आईबरोबर जाऊन बसले. वर्गातल्या शहरी मैत्रिणींनी चांगल्या चांगल्या शिशुशाळा निवडल्या होत्या. मला निवड करायची नव्हतीच. पहिल्या दिवशी माझ्या वहीत ‘मुले खेळली’ एवढे एकच वाक्य आले. ते काही खोटे नव्हते. पण संध्याकाळी आईने ते वाचले आणि म्हणाली, ‘‘आगं, खेळली ती खरं. पण काय खेळली ते लिव्ही की!’’

मग मी काय खेळतात ते पाहू लागले.

सकाळी मुले आली की आधी हात, नखे, केस पाहणे. मग प्रार्थना आणि गप्पा. गप्पा म्हणजे ‘काल घरी काय झाले’ ते सांगायचे. एकाची शेळी व्याली होती. त्याने ती हकीगत सांगितली तेव्हा पिल्लू आधी, मग शेळी ओरडली, मग रात्र झाली, असा सगळा उलटासुलटा क्रम होता. सेविकाताईंनी त्याला ‘चूक’ म्हटले नाही. ‘‘मग आधी काय झालं रे?’’ एवढेच तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी शेळी आधी ओरडली, पिल्लू नंतर आले आणि रात्र कुठे घालायची हेही त्याचे त्याने ठरवले. घडलेली गोष्ट क्रमाने सांगता येणे हा या वर्षातला एक मोठा पल्ला आहे, हे मी नंतर वाचले. तिथे बसले असताना मला फक्त शेळीची काळजी वाटत होती.

मग कोपऱ्यातला पत्र्याचा डबा निघाला. त्यात चिंचोके, सागरगोटे, बिट्ट्या, बाटल्यांची झाकणे आणि शर्टांची जुनी बटणे. जमिनीवर सगळे ओतायचे आणि वेगळे करायचे. कसे वेगळे करायचे हे सांगायचे नाही. एका मुलीने रंगावरून ढीग केले. शेजारच्याने आकारावरून केले. एकाने ‘बटणं माझ्या बाबाची, बाकी सगळी तुझी’ असे दोनच ढीग केले. तेही वर्गीकरणच म्हणायचे. नंतर आईने खडूने जमिनीवर ओळ मांडून दिली : पान, खडा, पान, खडा. पुढे काय, ते मुलांनी लावायचे. दुसऱ्या दिवशी तीच ओळ दोन खडे आणि एक पान अशी झाली आणि निम्मी मुले अडली. पुढे काय येणार हे मागच्यावरून ओळखणे, म्हणजे गणिताचा पायाच की. दहावीला बीजगणितात माझी जी दमछाक झाली ती आठवून मला त्या अडलेल्या मुलांविषयी फार आपुलकी वाटली.

मणी ओवणे, कागदाचे बारीक तुकडे फाडून चित्रात चिकटवणे, चिकणमातीच्या गोळ्या आणि साप करणे, कापलेल्या भेंडीचे ठसे उठवणे ही हातकामे. या प्रत्येक कामात अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी चिमट धरावी लागते. हीच तीन बोटे उद्या पेन्सिल धरणार असतात. या वयात मनगटातली हाडे पुरती टणक झालेली नसतात, बोटांत बळ भरायचे असते. ते बळ मातीने भरते. खडूच्या रेघेवरून न डळमळता चालणे, एका पायावर उभे राहणे, चेंडू झेलणे हेही त्याच तयारीतले. सरळ बसता आले तरच वहीवर वाकता येते.

एक खेळ मला स्वतःलाच खेळावासा वाटला. पाच वस्तू मांडायच्या, मुलांनी त्या नीट पाहायच्या, वर रुमाल झाकायचा, हळूच एक काढून घ्यायची आणि विचारायचे, काय गेले? दुसरा खेळ आवाजांचा : ‘क’ने सुरू होणारे काय काय? काकडी, कोंबडी, कुदळ. ‘कात्री!’ असे ओरडून एकाने खिशातून खरोखरच कात्री काढली तेव्हा थोडी पळापळ झाली. अजून ‘क’ हे अक्षर फळ्यावर आलेले नव्हते. आधी कानाला ‘क’ कळायचा, मग डोळ्याला.

पण मला सगळ्यांत मोठा धडा दिसला तो जेवणाच्या वेळी. तो कुठल्या वेळापत्रकात लिहिलेला नाही. सेविकाताई रजिस्टर आणि मोबाइलवरची माहिती भरण्यात गुंतल्या होत्या. वजने, उंची, गरोदर बायकांच्या भेटी, लसीकरण, सगळे त्यांच्याच माथी असते. आई एका मुलीला म्हणाली, ‘‘आज ताटल्या तू मांड. एका पोराला एक.’’ मुलगी ओळीने मांडत गेली आणि परत आली. ‘‘मावशी, एक ताटली उरली.’’ आई म्हणाली, ‘‘मग कोन आलं न्हाई आज?’’ मुलीने सगळ्यांकडे एकदा पाहिले, बोट नाचवत कुणाकुणाची नावे घेतली आणि सांगितले, कोण आले नाही ते. वजाबाकीचे चिन्ह तिला पुढच्या वर्षी भेटेल.

सरांनी वर्गात पियाजे शिकवला होता. स्वित्झर्लंडच्या या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, साधारण दोन ते सात या वयातले मूल डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवते. रुंद पेल्यातले पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद पेल्यात ओतले तर ते म्हणते, पाणी वाढले. हा प्रयोग मी घरी शंभूवर करून पाहिला. एक वाटी आणि एक उंच ग्लास घेतला. त्याने बिनदिक्कत सांगितले, ग्लासात जास्त आहे. मी आनंदाने आईला बोलावले आणि पियाजे समजावून सांगितला. आई हसली. ‘‘ही तर माझ्या रोजच्या वाढण्यातली गोष्ट हाय. खिचडी वाटीत दाबून दिली की पोरं म्हनत्यात थोडीच दिली. तीच ताटलीत पसरून दिली की गप खात्यात. म्हनून मी पसरूनच देती.’’ माझ्या टिपणात मी हे वाक्य जसेच्या तसे घातले. सरांनी त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

हे सगळे आमच्या गावात आले कुठून, याचा शोध मी मग ग्रंथालयात घेतला. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी एक शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला ‘मुलांची बाग’ अशा अर्थाचे नाव दिले. ‘किंडरगार्टन’ ते हेच. पुढे मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ उघडले. त्या वस्तीतले आईबाप दिवसभर कामाला जात आणि मुले जिन्यांत हुंदडत. आज आपल्याकडे ‘माँटेसरी’ हा शब्द मोठ्या फीच्या पाट्यांवर दिसतो, पण तिची पहिली मुले माझ्या आईच्या अंगणवाडीतल्या मुलांसारखीच मजुरांची होती. आणखी एक गोष्ट. त्या मुलांनी चार-पाच वर्षांच्या वयात लिहायला सुरुवात केली, हे खरे आहे. पण त्याआधी कित्येक महिने त्यांची बोटे ठोकळे उचलण्यात आणि खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून फिरण्यात गेली होती. लिहिण्याला विरोध कुणाचाच नाही. प्रश्न आधी काय आणि नंतर काय, एवढाच आहे. शेळीच्या गोष्टीसारखा.

आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हे काम उचलले. १९२६ साली भावनगरला नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण शहरातली साधने खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या आणि १९९२ साली त्यांचा अंत झाला तोवर त्यांनी हे काम सोडले नाही. विकतच्या साधनांऐवजी त्यांनी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. वस्तीतली मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती ‘अंगणवाडी’. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली, कारण मोठी बहीण धाकट्याला सांभाळत घरी राहिली तर शिकणार कधी? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आईला मी हे सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, ‘‘त्या बाईंच्या डब्यातबी चिंचुकं हुते का?’’ मी म्हटले, असतील.

आता घरातली गोष्ट सांगते.

शंभू आजीच्या अंगणवाडीत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनासाठी संपावर गेल्या आणि तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. आईही गेली होती. मोर्चातली तिची टोपी अजून खुंटीवर आहे. त्या दिवसांत पोर घरी बसले आणि दादाच्या मनाने घेतले की हे काही खरे नाही. जूनपासून शंभू अकरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या इंग्रजी शिशुशाळेत जाऊ लागला. यंदा त्याचे तिथले दुसरे वर्ष, पहिलीच्या आधीचे. वर्षाची फी चौदा हजार, गाडीभाडे वेगळे. दादा दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. वहिनी बागेत रोजाने जाते, ती बरीचशी या फीसाठीच.

रोज संध्याकाळी शंभूला गृहपाठ असतो. पानभर इंग्रजी अक्षरे, पानभर आकडे. तो पेन्सिल मुठीत धरतो, इतकी दाबून की कागद फाटतो, आणि फाटला की घाबरून आजीकडे बघतो. आई काही बोलत नाही. ती त्याची बोटे आपल्या हातात घेऊन चोळत बसते.

दादाला मी खलनायक करणार नाही. त्याचे म्हणणे मला कळते. तो म्हणतो, ‘‘तायडे, आपल्याला इंग्रजी आलं न्हाई म्हणून आपण कुठं राहिलो बघ. तू कॉलेजात पहिल्या वर्षी किती रडलीस, इसरलीस का?’’ हे खरेच आहे. पहिल्या सहामाहीत इंग्रजीच्या तासाला मी शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसत असे. आणि अंगणवाडीत सगळे छान चालते असेही नाही. माझ्या आठ दिवसांत दोन दिवस सेविकाताई बैठकीला गेल्या होत्या, मुले खाऊन घरी गेली. पावसाळ्यात खोली गळते. डब्यातली बटणे हरवली की नवी यायला कुणाचा तरी शर्ट फाटावा लागतो. आमच्यासारख्यांनी ‘मुलांना खेळू द्या’ हे कशाच्या बळावर म्हणायचे? ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्यांचे मूल कुठेही खेळले तरी शिकणार आहे. आमच्या मुलाला एकच संधी, ती खेळण्यात गेली तर? दादाच्या बोलण्यातली ही भीती मला पियाजेपेक्षा मोठी वाटते.

म्हणून मी वाद घातला नाही, वही उघडली. केंद्र सरकारच्या २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात धरली आहेत. तीन वर्षे अंगणवाडी-बालवाटिकेची, दोन पहिली-दुसरीची. २०२१ साली आलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात पहिलीच्या आधीच्या वर्षाअखेर मुलाला काय यावे ते लिहिले आहे. अक्षरे आणि त्यांचे आवाज ओळखणे, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचणे, दहापर्यंतचे अंक ओळखून वाचणे, वस्तू, आकार आणि घटना क्रमाने लावणे. बस, एवढेच. मी दादाला ते वाचून दाखवले. ‘‘धाच?’’ तो म्हणाला. ‘‘आमचा शंभू शंभरपतुर म्हनतो.’’ आणि त्याने शंभूला हाक मारली. शंभू उभा राहिला, हात मागे बांधले आणि ‘वन टू थ्री’पासून ‘हंड्रेड’पर्यंत एका दमात म्हणून मोकळा झाला. बाबांनी मान डोलावली.

वहिनी चुलीपाशी होती. ती सहज म्हणाली, ‘‘शंभ्या, टोपलीतनं सात मिरच्या दे रं.’’ शंभूने मूठभर मिरच्या आणल्या. वहिनी म्हणाली, ‘‘सात.’’ तो परत गेला आणि दुसरी मूठ घेऊन आला. ‘‘सेव्हन,’’ दादा म्हणाला. शंभू पुन्हा हात मागे बांधून ‘वन टू थ्री’ म्हणू लागला. मिरच्या खाली पडल्या.

कुणी हसले नाही. आईने हातातले पीठ झटकले, मिरच्या गोळा केल्या आणि त्याच्यापुढे जमिनीवर एकेक मांडू लागली. मांडताना आकडा म्हणायचा तो त्याने, मिरची ठेवायची ती तिने. पाचव्या मिरचीला त्याचा आकडा पुढे पळाला. ‘‘थांब, मिरची अजून हातात हाय,’’ ती म्हणाली. तो थांबला. सात झाल्या तेव्हा त्याने विचारले, ‘‘आजी, ह्या सेव्हन का सात?’’ आई म्हणाली, ‘‘दोनीबी.’’

त्या रात्री दादा बराच वेळ ओट्यावर बसून होता. मला म्हणाला, ‘‘तू घरातली पहिली शिकलेली. तू सांगशील तसं करू.’’ घरात आजवर कुणी मला असे विचारले नव्हते. शेळ्या विकायच्या का, कर्ज काढायचे का, यात मला कधी विचारत नाहीत. मी सांगितले की, पहिलीला त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून घाल, इंग्रजी तिथेही पहिलीपासून असते, आणि सुट्टीत मी त्याच्याशी इंग्रजी बोलेन. हे सांगताना माझा आवाज बारीक झाला होता, कारण चुकले तर ते मूल माझे नाही, त्याचे आहे. दादा ‘बघू’ म्हणाला. मार्चपर्यंतचे गाडीभाडे भरले आहे, ते वाया घालवायचे नाही, इतके मात्र पक्के ठरले. बाबांनी आपले मत दिले नाही. पण दुसऱ्या दिवशी बागेतून येताना त्यांनी चिंचेखालून टॉवेलात चिंचोके आणले आणि ट्रंकेवर ठेवले.

शंभूच्या शाळेला शनिवारी सुट्टी असते, अंगणवाडीला नसते. दिवाळीनंतर तो दर शनिवारी आजीचे बोट धरून तिकडे जातो. गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला होता. तो तिथे ताटल्या मांडतो म्हणे, आणि कोण आले नाही ते सगळ्यांच्या आधी सांगतो. त्याचे नाव पटावर नाही, त्यामुळे तिथल्या खिचडीवर त्याचा हक्क नाही, असे आईचे म्हणणे. शुक्रवारी रात्री ती एक भाकरी जास्त थापते आणि सकाळी त्याच्यासाठी फडक्यात बांधून नेते.